उतारावरचा काटा

जगातलं प्रत्येक माप थोडं तरी चुकलेलं आहे आणि ते दुरुस्त करायला देवाने एकच माणूस खाली धाडला आहे, असं माझ्या सासऱ्यांचं प्रामाणिक मत होतं. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात मीटर तपासण्यात घालवली. निवृत्तीनंतर मीटर कारखान्यात राहिले आणि तपासणं तेवढं घरी आलं. नातवाला ताप आला की ते आधी थर्मामीटर तपासत, मग नातवाला. मुलगी पाहायला मी बदलापूर गावातल्या त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पगाराची चौकशी करण्याआधी त्यांनी माझं मनगट धरून घड्याळ पाहिलं. "दोन मिनिटं पुढे आहे," ते आत जाऊन सासूबाईंना म्हणाले, "मुलगा उतावळा दिसतो."

अशा माणसाच्या जुन्या गाडीतला पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर अडकलेला असावा, हा नियतीचा निव्वळ वात्रटपणा. त्यापायी गाडी दोनदा वाटेत बंद पडली, दुसऱ्यांदा तर सासूबाई भाचीच्या हळदीला निघालेल्या असताना. भरजरी साडीत रिक्षा शोधून आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "अहो, आता आणखी एकदा थांबली की विकायची." सासऱ्यांना हे गाडीवर नव्हे, थेट अब्रूवर आल्यासारखं वाटलं. उल्हासनगरचा स्पेअर पार्टचा दुकानदार म्हणाला, "साईं, नया फ्लोट डाल दो, छुट्टी करो." सासरे ताडकन बाहेर आले आणि मला म्हणाले, "बिघडलेलं मीटर फेकून देतो तो कसला मीटरवाला!"

रविवारी त्यांनी दारातच यज्ञ मांडला. मागची सीट उचलली, टाकीत तरंगणारा फ्लोट काढला, गंजलेली टोकं घासली, त्याची दांडी केसभर वाकवली. मग रिकाम्या टाकीत मोजून एकेक लिटर पेट्रोल ओतायचं, ते निवांत होईपर्यंत थांबायचं आणि काट्याशेजारी चिकटवलेल्या कागदावर पेन्सिलीने खूण करायची. सासूबाईंना देवापुढे दिवाही लावू दिला नाही. मी नुसता जवळून गेलो तरी, "जावईबापू, हादरे देऊ नका!"

पुढच्या रविवारी मला शेजारी बसवून ते चाचणीसाठी बारवी धरणाच्या रस्त्याला लागले. कागदावर पाच लिटर शिल्लक असताना भाताच्या खाचरांपाशी गाडीने आचके दिले आणि ती थांबली. सासऱ्यांनी बॉनेट उघडलंच नाही. सपाट रस्त्याकडे ते बघत राहिले. त्यांच्या घरासमोर चांगला उतार आहे. सगळ्या खुणा गाडी त्या उतारावर उभी असताना, पेट्रोल टाकीत एका बाजूला जमलेलं असताना केलेल्या. काटा अगदी अचूक होता, पण फक्त घरासमोर.

"घरी पंक्चर म्हणून सांगू," मी म्हणालो.

"रीडिंग खोटं लिहायचं नसतं." आणि घरी जाऊन ते सासूबाईंना म्हणाले, "चूक माझी." एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. महिन्याभरात गाडी गेली.

त्यानंतर ते काही तपासेनासे झाले. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे पडलं, तरी ते त्याच्याखाली बसून मुकाट्याने चहा पीत. त्यांच्या खोडींनी मी वैतागायचो खरा, पण आता ते घर मला परकं वाटायला लागलं.

परवा त्यांना माझ्या गाडीतून अंबरनाथला नेत होतो. सबंध वाटेत त्यांनी एकदाही काट्याकडे पाहिलं नाही. मला ते बघवेना. माझा काटा व्यवस्थित चालतो, तरी मी म्हणालो, "बाबा, हा जरा जास्त दाखवतो की काय, कळत नाही."

त्यांनी सावकाश चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि ते माझ्या बाजूला झुकले.

"मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं," ते म्हणाले, "पण तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."