मालुआक्कांनी सांधलेला कॉम्प्युटर

शहापुरात आमच्या शेजारी परशरामअण्णा राहतात. त्यांनी माग विकले, पण तरुणपणी घेतलेला कॉम्प्युटर काही सोडला नाही. जाडजूड कीबोर्डातच सगळं यंत्र. ते टीव्हीला जोडायचं, कॅसेट लावायची आणि चालू होईपर्यंत चहा पिऊन यायचं. त्यावर आपण साड्यांचे काठ आखले असं अण्णा सांगतात. मी मात्र त्यांना कायम चेंडू-फळीचा खेळ खेळतानाच पाहिलंय.

गेल्या महिन्यात त्याची बटणं मेली. अण्णांच्या बायकोनं, मालुआक्कांनी, फर्मान काढलं. "सांजपत्तर चालू न्हाय झालं तर भंगारात देणार. टीव्ही माझ्या मालिकेला पायजे."

अण्णांनी कॅम्पातल्या भंगारवाल्याकडून तसल्याच मेलेल्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड पैदा केला. बटणं ठणठणीत, पण आतल्या यंत्राला जोडायच्या तारांच्या पट्टीला हात लावताच तिचे तुकडे पडले. आता तारा एकेक करून जोडायच्या, आणि अण्णांचे हात तर थरथरतात. दुपार सरली तरी एक तार जुळेना. रडायचेच बाकी होते बिचारे. मलाही वाईट वाटलं.

"सरका तिकडं. तुमचं तोंड बघवंना," म्हणत आक्काच बसल्या. आयुष्यभर त्यांनी मागावर ताणे सांधलेले: जुन्या धाग्याच्या टोकाला नव्याचं टोक, बोटाला राख लावून पिळायचं. त्यांनी देवापुढची उदबत्तीची राख घेतली.

"आक्का, ही तार हाय, सूत न्हाय," मी म्हणालो.

"मग? टोकाला टोकच जोडायचं न्हवं?"

सगळ्या तारा पिळून चालू केलं, तर एक बटण दाबलं की तीन अक्षरं. सांधे एकमेकांना चिकटत होते. आक्का अजिबात डगमगल्या नाहीत. माळ्यावरून मागाची बोरूची जुनी फणी काढली, सगळे सांधे सोडले, धागे ओवतात तशी एकेका फटीतून एकेक तार ओवली आणि फिरून पिळली. आता कोणी कोणाला शिवेना.

"बघू तर चालतंय का," म्हणून आक्कांनी बटण दाबलं. पडद्यावर फळी सरकली. चेंडू आला, त्यांनी परतवला. मालिकेची वेळ कधी टळली ते त्यांना कळलंच नाही.

तेव्हापासून अण्णा रोज संध्याकाळी आमच्या घरी टीव्हीपुढं बसतात, आक्कांची मालिका बघायला. मधे कोणी बोललं तर चिडतात.

"गप रं जरा! घरी जाऊन तिला सगळं सांगावं लागतंय. कायतर सुटलं तर कॉम्प्युटरला हात लावू देत न्हाय."