शेवटच्या बोल्टची रेघ

निगडीहून तळवड्याकडे जाताना डाव्या हाताला भीमराजचं गॅरेज आहे. पाटीवर 'फक्त ए.सी.' एवढंच लिहिलंय, आणि तो माणूसही तसाच, नेमकं तेवढंच बोलणारा. गिऱ्हाईक घाईघाईत सांगतं, "कॉम्प्रेसर गेलाय, तेवढा बदलून द्या." भीमराज जुना कॉम्प्रेसर काढतो, पाइपातलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओततो आणि फडकं गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरतो. तेलात धातूचा काळा कीस चमकत असतो. "हा सगळीकडे फिरलाय. पाइप धुवायचे, कंडेन्सर बदलायचा, ड्रायर बदलायचा. नाहीतर नवाही असाच मरेल." पटत नसेल तर शेजारच्या गॅरेजचा रस्ता तो स्वतः दाखवतो. चूक दिसली की त्याला राहवत नाही. असल्या माणसाशी संसार करणं सोपं नसतं. कस्तुराने तो हसत केला.

दोघंही महाळुंग्याच्या एका कंपनीत होती, गाड्यांचे कॉम्प्रेसर जुळवायच्या कामावर. भीमराजची एकोणीस वर्षं तिथे गेली. तो एका शेडमध्ये, ती शेजारच्या शेडमध्ये, लाइनच्या शेवटच्या जागेवर. तिचं काम चार बोल्ट आवळायचे आणि शेवटच्या बोल्टवर पिवळ्या मार्करने एक रेघ ओढायची, बोल्टच्या डोक्यावरून खाली कॉम्प्रेसरच्या अंगापर्यंत. पुढे कधी बोल्ट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ सरळ हवी. कस्तुराची कधी सरळ आली नाही. शेवटी मनगट वळायचंच आणि रेघेला शेपटी फुटायची. "माझा हात तसाच चालतो, मी काय करू?" असं ती म्हणायची. तिचा सुपरवायझर जयदीप वैतागून म्हणायचा, "एक दिवस फोटोच काढून लावतो तुमचा, चुकीचं काम कसं असतं ते दाखवायला."

तीन वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी, पहिल्या शिफ्टला, दहा चाळीसला ती त्या जागेवर कोसळली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शेजारची लाइन थांबल्याचं भीमराजने ऐकलं होतं, आणि अकरा मिनिटांनी ती परत चालू झाल्याचंही. कुठलातरी पार्ट संपला असेल, असं मनाशी म्हणत तो बोल्ट आवळत राहिला होता. पुढे त्याने कंपनी सोडली. पण ती अकरा मिनिटं काही त्याला सोडत नाहीत.

यंदाच्या एप्रिलात त्याने पहिल्यांदाच आपल्या जुन्या कंपनीच्या नव्या कॉम्प्रेसरचा खोका फोडला. शेवटच्या बोल्टवर पिवळी रेघ होती. रेघेला शेपटी होती.

जुना माल असेल, असं समजून त्याने तारखेची पट्टी पाहिली. यंदाचा मार्च. चष्मा पुसून पुन्हा पाहिली, मार्चच होता. रेघेवर बोट फिरवलं. भर उन्हात, पत्र्याखाली, त्याला थंडी वाजली. ते वळण त्याने रोज पाहिलं होतं. घरी डब्यांवर 'मीठ', 'साखर' लिहितानाही तिचा हात असाच वळायचा.

तो कॉम्प्रेसर त्याला गाडीत बसवता येईना. फळीवर ठेवून त्याने दुसरा मागवला. त्यावरही शेपटी. तिसऱ्यावरही. तीन कॉम्प्रेसर ओळीने फळीवर बसले, आणि काम करता करता भीमराजला वाटायला लागलं की पाठीमागून कोणीतरी आपला हात बघतंय. त्याने तिघांची तोंडं भिंतीकडे केली. मग तर जास्तच वाटायला लागलं. एकदा कोणी नसताना त्याने हळूच विचारलं, "काय गं?" आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला.

इकडे मे लागला. निगडी प्राधिकरणातल्या जयमालाताईंची ती गाडी गॅरेजात कॉम्प्रेसरविना उभी होती. ताईंचे वडील लक्ष्मणराव आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायचे, आणि येताना रिक्षातल्या उन्हाच्या झळांनी त्यांचा जीव नकोसा व्हायचा. ताई फोन करायच्या. भीमराज सांगायचा, "माल आला नाही, ताई." माल फळीवर होता. आयुष्यात पहिल्यांदा तो गिऱ्हाइकाशी खोटं बोलत होता, आणि ते त्याला गिळवत नव्हतं. गुरुवारी ताई म्हणाल्या, "काल अप्पा रिक्षातच बेशुद्ध पडले हो." भीमराजने फोन ठेवला, गॅरेजचं शटर ओढलं आणि मोटरसायकलला किक मारली. त्या जागेवर कोण उभं असतं, ते आता बघणं भाग होतं.

पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला तो महाळुंग्यात कंपनीच्या फाटकाशी उभा होता. वॉचमन सोपानराव तोच, जुना. "भीमराज, लई दिसांनी," तो म्हणाला. "कुनाला बघतोय?"

"शेवटच्या जागेवर कोण असतं हल्ली?"

ती जागा कोणाची होती, हे सोपानरावला माहीत होतं. "परभणीकडची पोर हाय. मिनल. ती बघ आली, निळ्या ओढणीवाली."

वीस-बावीस वर्षांची पोर. कस्तुराशी कशातच साम्य नाही. भीमराजने जय भीम घातला, आपण इथलाच जुना माणूस असं सांगितलं आणि मोबाइलवर रेघेचा फोटो दाखवला. "ही रेघ तू ओढतेस?"

"हो काका."

"शेपटी का काढतेस?"

"तशीच काढायची असती ना. आमच्या जागेवर तक्ता लावलाय. हिरव्या चौकटीत बरोबरचा फोटो, लाल चौकटीत चुकीचा. हिरव्यात शेपटीवाली हाय. सरळ काढली की तपासणीवाले माघारी पाठवतात. मला चार दिवस लागले ती शेपटी जमायला." मग जरा आवाज उतरवून ती म्हणाली, "फोटोत एका बाईचा अंगठाबी हाय. नख काळं पडलेलं. शिफ्ट चालू व्हायच्या आधी आम्ही सगळ्या त्या अंगठ्याला हात लावतो. कुणी चालू केलं ठाऊक न्हाई. पण हात लावला न्हाई तर त्या दिवशी मागं कुणीतरी उभं हाय, असं वाटत ऱ्हातं."

ते नख भीमराजमुळे काळं झालं होतं. रविवारी घरची गाडी दुरुस्त करताना कस्तुरा बॅटरीचा उजेड धरून उभी होती, आणि त्याने न सांगताच तिच्या अंगठ्यावर बॉनेट आपटलं होतं. ती गेली त्याच्या नऊ दिवस आधी.

"फोटोवर तारीख आहे का गं?"

मिनलने सांगितली. तोच मंगळवार. "वेळबी हाय. दहा वाजून दहा मिनिटं."

जयदीपने बोलल्याप्रमाणे फोटो काढला होता तर. चुकीचं काम दाखवायला. पुढच्या अर्ध्या तासात ती पडली, आणि त्या गडबडीत कोणीतरी तो फोटो लाल चौकटीऐवजी हिरव्यात चिकटवला. तेव्हापासून त्या जागेवर जी येते ती एका मेलेल्या बाईची चूक नियम म्हणून गिरवते. हजारो गाड्यांत ती शेपटी फिरत होती, आणि अख्ख्या कंपनीत कोणाला पत्ता नव्हता.

त्याचा चेहरा बघून पोर घाबरली. "काका, चुकीचं हाय का ते? सांगा, मी साहेबांना सांगते. बदलतील ते."

उभ्या जन्मात भीमराजने चूक पोटात घातली नव्हती. त्या रेघेने बोल्टचं काही बिघडत नव्हतं, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. पोरीची बस हॉर्न देत होती.

"नाही," तो म्हणाला. "बरोबर आहे. अशीच ओढत जा."

गॅरेजवर येऊन त्याने फळीवरचा पहिला कॉम्प्रेसर उतरवला. पाइप आधीच धुतलेले होते, कंडेन्सर आणि ड्रायरही नवे बसवलेले होते. कॉम्प्रेसर चढवला, पट्टा ओढला, पंपाने आतली हवा काढली आणि अर्धा तास दाबाच्या काट्याकडे बघत बसला. काटा हलला नाही, म्हणजे कुठे गळती नव्हती. गॅस भरला, इंजिन चालू केलं. टक्क आवाज झाला आणि जाळीतून गार वारा त्याच्या तोंडावर आला. मग ताईंना फोन करून म्हणाला, "माल आला होता, ताई. मीच उशीर केला. माफ करा."

उरलेले दोन खोक्यात भरून त्याने उद्याच्या गाड्यांसाठी पुढे काढून ठेवले. मग बॉनेट लावायला गेला. आत, पट्ट्याच्या पलीकडे, पिवळी शेपटी दिसत होती. गॅरेजमध्ये दुसरं कोणी नव्हतं.

"हात काढ गं," भीमराज म्हणाला. थोडा वेळ थांबला, आणि मग त्याने बॉनेट हळूच खाली टेकवलं.