व्याह्यांना दिलेला बोकड

इरिसबेकच्या पायाला आठवडाभर भिंगरी लागली होती. गोठ्यातून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून पुन्हा गोठ्यात. त्याच्याकडे बघून मेंढ्यांनाही चक्कर येत असावी.

आत-बाशीच्या खोऱ्यात ‘बोकड छाप’ कुरुत म्हणजे इरिसबेकचं. दह्याच्या त्या खारट, वाळवलेल्या गोळ्या घरोघर होतात. पण मोडक्या शिंगाचा, साऱ्या जगावर रुसलेला बोकड फक्त त्याच्याच पिशवीवर. उन्हाळ्यात कोचकोरचे व्याही मुकाश जेवायला आले आणि म्हणाले, “असा रुबाबदार बोकड आमच्या कुरुतवर असता तर!”

पाहुण्याने, त्यातून मुलीच्या सासऱ्याने, एखादी वस्तू वाखाणली की ती त्याची झाली. इरिसबेकने छातीवर हात ठेवला. “तुमचाच समजा!”

मुकाशनी समजला. इतका मनापासून समजला, की राजधानीत, बिश्केकला जाऊन ती छाप स्वतःच्या नावावर नोंदवायचा अर्जही टाकला. बाजारातून ही खबर आल्यावर इरिसबेकने कचेरीत फोन लावला.

“नोंदणी झाली की तुम्हाला तो बोकड वापरता येणार नाही,” तिथली मुलगी म्हणाली. “त्याआधी हरकत घ्या, नाहीतर त्यांना अर्ज मागे घ्यायला सांगा.”

“अगं, व्याही आहेत ते!”

“आजोबा, आमच्याकडे नात्याचा रकाना नाही.”

तोडगा काढला तो बुरुल्सूनने, त्याच्या बायकोने. “येरझारा कसल्या घालताय? त्यांच्या घरी जा आणि तुम्हीही वाखाणा!”

इरिसबेक कोचकोरला पोचला. मुकाशनी मेंढी कापली होती. मानाचं म्हणून तिचं डोकं पाहुण्याच्या पुढ्यात आलं, पण इरिसबेकची नजर कोपऱ्यातल्या बोकड छाप पिशव्यांवरून हलेना. त्याने घसा साफ केला. “व्याही, तुमच्या घरात एक वस्तू मला फार—”

“ओळखलं!” मुकाश उठले आणि भिंतीवरचा लोकरीचा नमदा काढून त्यांनी त्याच्या मांडीवर टाकला. “तुमचाच!”

“नमदा नाही हो. त्या कोपऱ्यात—”

कोपऱ्यातला झगा त्याच्या अंगावर चढला. पुढच्या घासाला लगाम मिळाला, चहाला किटली. शेवटी इरिसबेक ओरडलाच, “बोकड! मला तो बोकड आवडलाय!”

मुकाशनी सुस्कारा टाकला, बाहेर गेले आणि एक जिताजागता बोकड शिंगाला धरून आत घेऊन आले.

“घ्या! याची शिंगंसुद्धा दोन्ही शाबूत आहेत.”

सगळे पोट धरून हसले. इरिसबेकही हसला; व्याह्यांच्या घरी दुसरं काय करणार? मात्र तो खाली बसला नाही. मेंढ्यांचं पाहायचंय, असं काहीतरी पुटपुटत निघाला.

रस्त्यापर्यंत पोचवायला त्याची मुलगी आयझिरेक आली. तिच्या एका हातात बोकडाची दोरी, दुसऱ्या हातात किटली.

“कुठे निघालात, बाबा?”

“घरी. अजून कुठे?”

“बिश्केकची गाडी समोरच्या बाजूला लागते.”

“आणि तुला इथे राहायचंय, त्याचं काय? उद्या म्हणतील, हिच्या बापाने दिलेलं परत मागितलं.”

“म्हणतील ना. चहा पातळ झाला तरी म्हणतात.” मग तिने मान वळवली. “रोज मीच भरते त्या पिशव्या. आपला बोकड, आणि आत यांचं कुरुत. नुसतं मीठ हो, बाबा! मला लाज वाटते.”

इरिसबेकने झगा उतरवून तिच्या खांद्यावर टाकला, नमदा, लगाम सगळं परत दिलं आणि रस्ता ओलांडला. गाडीत त्याने तीनदा जागा बदलली. शेजारच्या बाईने शेवटी विचारलं, “बाबाजी, कमरेत उसण भरली का?”

कचेरीतली मुलगी फोनवर वाटली होती त्याहून लहान निघाली. “अर्जदार म्हणतात, छाप तुम्ही स्वतःहून दिलीत. खरं आहे?”

नाही म्हटलं असतं तर काम सोपं होतं. इरिसबेकने टोपी काढली, पुन्हा घातली.

“खरंय, दिली होती. भर जेवणात, छातीवर हात ठेवून. आणि आता परत मागतोय. असंच लिही, पोरी. पण लवकर लिही, माझं मन बदलायच्या आत.”