धरून ठेवलेली खाट

मेहकरातल्या एका खाजगी दवाखान्यात मी सरकारी योजनेच्या टेबलावर बसते. डॉक्टर पोट उघडतात, ते पोट कोणत्या कोडात बसतं हे मी शोधते. कोड चुकला की वरून शंका येते, शंकेला खुलासा द्यायचा, खुलाशावर पुन्हा शंका. मान आखडते, डोळे चुरचुरतात, आणि घरी गेल्यावर नवरा म्हणतो, "तू त दिवसभर बसूनच राह्यते ना?" असा संताप येतो! पण भांडायलाही अंगात त्राण नसतं.

योजनेचा एक नियम आहे. ऑपरेशनची मंजुरी हवी तर पेशंटचा खाटेवरचा ताजा फोटो पाठवायचा. तिकडं बसलेल्यांना दिसलं पाहिजे की पेशंट खरा आहे. नियम चुकीचा नाही. नसलेले पेशंट दाखवणारे महाभाग असतातच, त्यांच्यापायी हे शुक्लकाष्ठ आमच्या मागं लागलंय.

पोळ्याच्या आसपास हिवरा आश्रमाकडच्या एका खेड्यातून दोन जावा आल्या. धाकटी पेशंट, थोरली सोबतीला. धाकटीच्या पित्ताशयात खडे होते, सूज आलेली. डॉक्टर म्हणाले, आता लांबवायचं नाही, पुढच्या वेळी जिवावर बेतेल. घरचा भाजीचा मळा, पण योजनेबाहेर ऑपरेशन करणं त्या घराला झेपणारं नव्हतं. दोघींच्या अंगावर एकसारख्या हिरव्या साड्या. दिराच्या लग्नात सासूनं मुद्दाम सारख्या घेतल्या होत्या, रुसवेफुगवे नकोत म्हणून.

सकाळी धाकटी गरम पाण्याच्या रांगेत गेली. आमच्या वॉर्डात खाट रिकामी दिसली की कोणाचं तरी बोचकं येऊन पडतं. म्हणून थोरली ती धरून ठेवायला आडवी झाली. रात्र स्टुलावर काढलेली, लागला डोळा. तेवढ्यात नवी नर्स आली, तोंडावरचा पदर सारला, फोटो काढला आणि मला पाठवला. मी तो घाईत योजनेच्या साइटवर चढवून दिला.

दुपारी उत्तर आलं: छायाचित्रातील व्यक्ती लाभार्थी नाही, तोतया रुग्णाचा संशय, मंजुरी स्थगित.

मी कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर वॉर्डाच्या दारातच ओरडले, "योजनेतून काढतील आपल्याला! तोतया म्हणतायत, तोतया!" ते वॉर्डभर ऐकू गेलं. थोरलीकडून काय झालं ते ऐकून मी योजनेच्या ऑफिसला फोन लावला.

"मॅडम, धडधाकट बाई दवाखान्याच्या खाटेवर कशाला झोपेल?" तिकडचे साहेब म्हणाले.

"जागा धरायला, साहेब. तुम्ही कधी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला नाही का?"

तिकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हे कारण आमच्या यादीत नाही." मला हसावं की रडावं कळेना. बरीच डोकेफोड केल्यावर ते कबूल झाले. उद्या दुपारच्या आत दोघींचा एकत्र फोटो, त्याच नंबरच्या खाटेवर, आणि डॉक्टरांचं पत्र. तरच मंजुरी.

धावत वॉर्डात गेले तर खाट रिकामी. शेजारची बाई म्हणाली, "गेल्या त्या. कोणं म्हणलं पोलिसात देतीन, त भेल्या बिचाऱ्या." फोन लावला, बंद.

चूल, पोरं, सगळं घरी वाट पाहत होतं. तरी मी हिवऱ्याकडची बस धरली. जाताना मनात त्या नर्सला, डॉक्टरांना, साहेबांना आणि त्या हिरव्या साड्यांनाही शिव्या घातल्या.

धाकटी ओसरीवर पोट धरून पडली होती. थोरली मेथीच्या जुड्या बांधत होती. मला पाहून तिच्या हातातली जुडी खाली पडली.

"माह्या झोपंनं घात केला, मॅडम," ती म्हणाली. "हिले काई झालं त मी कोणाले तोंड दाखवू?"

"तुमच्या झोपेनं काही झालं नाही. उद्या सकाळच्या बसनं दोघी या."

"मी नाई येत," धाकटी भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "मले खोटी ठरवलं त्याईनं. समद्या वॉर्डासमोर."

मग मात्र माझा तोल गेला. "अवं बाई, मला रोज ठरवतात! रोज खुलासे लिहिते मी, की आमचे पेशंट खरे आहेत, त्यांची दुखणी खरी आहेत. तुझं पोट खरं दुखतंय ना? मग ये की! मी थकले गं." शेवटचं वाक्य मला म्हणायचं नव्हतं. ते आपोआप निघालं.

थोरलीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "येतो आमी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तापाचे पेशंट दाटून आले. नर्स त्याच खाटेवर नवी चादर घालायला निघाली. मी जाऊन सरळ खाटेवर बसले, लॅपटॉप आणि डॉक्टरांचं पत्र मांडीवर घेऊन.

"मॅडम, खाट पाहिजे हो."

"पेशंट येऊन राह्यली."

"कुठं आहे?"

"बसमध्ये."

नर्सनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मलाच योजनेत भरती करावं लागेल. बसला उशीर झाला होता. बसून बसून कंबर मोडली, म्हणून जरा पाठ टेकली. काय सांगू, इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. डोळे मिटले.

"उठा मॅडम," कानाशी कोणीतरी म्हणालं. "तुमचाच फोटो काढतीन आता."

थोरली होती. दुपार व्हायला अजून वेळ होता. मागं धाकटी, एक हात पोटावर, त्याच हिरव्या साडीत, चक्क हसत. मी धडपडून उठायला लागले, तर धाकटीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतः स्टुलावर टेकली.

"पडा जराक," ती म्हणाली. "खाट कुठं पळून चालली?"