रोमनचं सुसाट यंत्र

रोमन थेलेनला मागच्या अख्ख्या उन्हाळ्यात एकही हिट मिळाला नव्हता. सेंट ओडिलियाच्या गावसंघात तो चोवीस वर्षं बेसबॉल खेळत होता. आमच्या मिनेसोटात गावसंघात असणं म्हणजे काय, ते गोठ्यागोठ्यावरून दूध गोळा करणाऱ्या या टँकरवाल्याला विचारावं. लोक त्याला आधी मॅचबद्दल विचारत, मग दुधाबद्दल.

यंदा मॅनेजर डीनने, म्हणजे रोमनच्या सख्ख्या मेहुण्याने, स्पष्टच सांगून टाकलं.

"दाजी, हंगामाच्या पहिल्या रविवारी एक तरी हिट मारा. नाही जमलं तर शर्ट परत करा आणि सॉसेज भाजायला उभे राहा."

सॉसेज भाजणं हे आमच्याकडे निवृत्तांचं काम.

घरी सरावाला लहान चेंडू फेकणारं यंत्र घ्यायचं ठरलं. चेंडू लिंबाएवढे, प्लास्टिकचे, भोकाभोकांचे. त्यांनी काचा फुटत नाहीत, आणि एवढासा चेंडू मारायला जमला की खरा चेंडू कलिंगडाएवढा दिसतो, असं त्यामागचं शास्त्र. निवड करायला बायको लोरेटाही दुकानात आली. ती कॉलेजात सॉफ्टबॉलची कॅचर होती, म्हणजे फलंदाजांच्या चुका मागून बघण्यात तिची उमेदीची वर्षं गेलेली.

दुकानात तीन यंत्रं होती. पहिलं पायाने दाबलं की चेंडू अलगद वर उडायचा. रोमनने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्याचा वेग कमीजास्त करता यायचा, आणि ते चेंडू वळवायचंही. तिसऱ्याला एकच काम ठाऊक होतं, सुसाट फेकायचं.

"दुसरं घे," लोरेटा म्हणाली. "रविवारी क्लाइन लेक गावाकडून तो बुच चेंडू टाकणार आहे. वय त्रेपन्न. त्याचा चेंडू पोचेपर्यंत माझा अर्धा मोजा विणून होतो."

"बुचला कुणीही मारेल."

"मागच्या वर्षी कुणीही मारलंच की. तू सोडून."

रोमनने तिसरं उचललं. चव्वेचाळीस वर्षांच्या पुरुषाला हळू फेकणारं यंत्र चारचौघांत काउंटरवर ठेवायची लाज वाटते, त्याला कोण काय करणार.

ट्रॅक्टरच्या शेडमध्ये जाळी बांधली. लोरेटा एकेक चेंडू यंत्रात सोडायची, रोमन बॅट फिरवायचा. पहिला आठवडा त्याने नुसता वारा घातला. तिसऱ्या आठवड्यात मात्र चेंडू फटाफट जाळीत जाऊ लागले. गडी असा फुशारला की दूध राहिलं बाजूला, गोठ्यागोठ्यावर स्वतःच मॅचचं सांगत सुटला.

"हळू चेंडूचं काय?" लोरेटाने विचारलं.

"जो जोरातला मारतो, तो हळूचा झोपेत मारेल."

रविवारी चर्च आटोपून सगळं गाव मैदानावर आलं. बुच हिननकँप गुडघ्याला पट्टा बांधून, पोट सावरत उभा राहिला आणि त्याने पहिला चेंडू सोडला. रोमनची बॅट पूर्ण फिरून झाली तरी चेंडू वाटेतच होता. असे तीन हुकले आणि रोमन बाद. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला त्याने थांबायचंच असं स्वतःला बजावलं, आणि इतका थांबला की बॅट न हलवताच तीन चेंडू कॅचरच्या हातात गेले आणि तो पुन्हा बाद. लोरेटाने चेहरा टोपीने झाकून घेतला.

मॅच संपल्यावर डीनने शर्टासाठी एक हात पुढे केला आणि दुसऱ्या हाताने सॉसेजचा चिमटा दिला. रोमन शेगडीपाशी उभा राहिला. रडू येत होतं, पण धुरात कुणाच्या लक्षात आलं नाही. तेवढ्यात बुच रिकामी प्लेट घेऊन आला.

"तुझे उपकार झाले बाबा," तो म्हणाला.

"चिडव, चिडव."

"चिडवत नाही रे. आमच्या संघातल्या पोरांनी बजावलं होतं, आज तीनदा तरी कुणाला तीन चेंडूंत बाद करा, नाहीतर उद्यापासून घरी बसा. बरोबर तीनदा जमलं."

रोमनचा हात थांबला. "तिन्ही वेळा मीच?"

"तूच. बाकीच्यांनी मला धुतलं."

रोमनला त्याच्या डोक्यात चिमटा घालावासा वाटला. आणि बुच अजून वर्षभर खेळणार, याचं बरंही वाटलं, त्याचा त्याला जास्तच राग आला. त्याने दोन चांगली भाजलेली सॉसेज निवडून बुचच्या प्लेटमध्ये ठेवली.

"मंगळवारी दुपारी शेडवर ये," तो म्हणाला. "आणि हळूच टाक."