धर्मशाळेचा जुना पोपट

"ए, पायरीवरून उतर बे. फोटोत येऊन राह्यला तू."

मी पन्नाशीचा. बोलणारा तिशीचा, धर्मशाळेच्या अध्यक्षांचा मुलगा. मी उतरलो. सवयीने. त्या सवयीची आजही किळस येते.

आमच्या तालुक्याच्या गावातली जुनी धर्मशाळा दुरुस्त झाली होती. ती पाहायला पुण्याहून मंडळी आली होती. गळ्यात कॅमेरे, अंगात खादी, तोंडात वारसा. पुढे एक विद्वान. छज्ज्याखालच्या दगडी पोपटापाशी ते थांबले आणि त्यांचा आवाज गाभाऱ्यात शिरल्यासारखा खाली आला.

"हा झिजलेला पंख बघा. शंभर वर्षांचं ऊनपाणी आहे यावर. आजच्या कारागिराला हे जमणं शक्य नाही."

माना डोलल्या. कोणीतरी उसासाही टाकला.

तो पोपट मी मागच्या दिवाळीआधी घडवला होता. मूळचा फुटून पडला होता. नवा दगड उठून दिसू नये, असं अध्यक्षांनीच बजावलं होतं. म्हणून पंखाची धार मी मुद्दाम मारली, वर काजळी आणि चहाचं उकळलेलं पाणी चोळलं. विद्वान ज्याला शतक म्हणत होते, ती माझ्या बायकोने उकळलेली चहापत्ती होती.

मी पुढे झालो. "साहेब, हा म्या केला. जुना नाही हा."

विद्वानांनी अध्यक्षांकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. अध्यक्ष हसले. "मनावर नका घेऊ साहेब. आमचाच माणूस हाय. सकाळीच घेते थोडी."

मंडळी हसली. मी जन्मात दारूला शिवलो नाही. अध्यक्षांना ते पक्कं माहीत होतं.

मंडळी पुढे गेल्यावर अध्यक्षांनी मला दाराशी बसवलेला कोरा दगड दाखवला. जणू काही घडलंच नव्हतं. "देणगीदाराईचे नावं कोराचे हायेत. उद्यापासून लाग."

"पहिलं माह्यं नाव कोरीन मालक. घडवणारा म्हणून."

"तुह्यं? काऊन बे, तू काय देलं?"

मी हत्यारांची पिशवी उचलली आणि निघालो.

दगड अजून कोरा आहे. अध्यक्षांनी आता लोणारकडच्या एका पाथरवटाला निरोप धाडला आहे. तो माझ्याच सोयऱ्यातला निघाला. मी त्याच्या घरी जाऊन सांगून आलो, आधी घडवणाऱ्याचं नाव, नाहीतर छिन्नी लावायची नाही. तो घाबरला. बायकोकडे बघत राहिला.

मी पुन्हा जाणार आहे. तो मान डोलावून 'हाव' म्हणेपर्यंत जाणार आहे.