अंगठ्यांची गाडी उजवीकडं का गेली

सांगतो, सांगतो. आधी चहा तर येऊ द्या. हा किस्सा सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलंय, पण सोडतंय कोण? बारशाला जा, जावळाला जा, कुणीतरी हमखास म्हणतंच, "मामा, ते गाडीचं सांगा की!" आणि मी सांगतो. माती मी खाल्ली, तर चव दुसरा कोण सांगणार?

तर बघा, मी ट्रक ड्रायव्हर. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर अर्धं आयुष्य गेलं. कंबर गेली, झोप गेली, केस तर कधीच गेले. राहिला तो स्टेअरिंगवरचा हात. त्याचा मला लई गर्व होता. 'होता' म्हणतोय, ऐकलंत ना?

माझी अक्का भूमजवळच्या ईट गावात दिलेली. तिची प्रणाली, माझी एकुलती भाची. तिचं लग्न ठरलं. मुलगा उमरग्याचा, भांड्यांचं दुकान, स्वभावानं गरीब. प्रणालीला तो मनापासून आवडला होता. बाकी सगळे तयार होते, अडून बसली होती ती मुलाची आजी. तिला शकुन-अपशकुनाचं भारी. आधीचं एक स्थळ म्हणे तिनं मांजर आडवं गेलं म्हणून मोडलं होतं. महिनाभर विनवण्या केल्या तेव्हा कुठं ती हो म्हणाली. त्यामुळं अक्का मला रोज फोनवर बजावायची.

"बाळ्या, साखरपुड्यात कायबी वाकडं व्हायला नको बघ."

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बाळ्या!

आता साखरपुडा म्हणजे काय असतं हो? कुंकू लावा, अंगठ्या घाला, पोटभर जेवा, घरी जा. पण नाही! हल्ली अंगठ्या रिमोटच्या गाडीतून येतात. प्रणालीनं मोबाईलवरून मागवली. लाल रंगाची, हातभर लांब, मागं छोटासा हौदा. हौद्यात अंगठ्यांची डबी ठेवायची, गाडी गालिच्यावरून स्टेजपर्यंत न्यायची, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि व्हिडिओ काढायचा.

"पण चालवणार कोण?" अक्कानं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. दमलेला माणूस कशालाही मान हलवतो!

आदल्या दिवशी दुपारी ईटला पोचलो. हैदराबादहून आलेलो, डोळ्यांवर झापड. प्रणाली गाडी घेऊन पुढ्यात हजर.

"मामा, एकदा चालवून बघा की."

"खुळी का काय? पूजा न्हाय, काय न्हाय, अन् गाडी चालवायची?"

"मामा, खेळणं हाय ते!"

"चाकं हायत न्हवं त्याला?"

आमच्या धंद्यात पूजा झाल्याशिवाय नवी गाडी जागची हलवत नाहीत. मी अंगणात पाट मांडला, बॉनेटवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं. ट्रक कसा, लिंबाचा चेंदामेंदा करून पुढं जातो. ही गाडी लिंबावर चढेचना! शेवटी मीच वरून तळहातानं दाबली. मग लिंबू-मिरची बांधायला घेतली. बंपरला दोरा ओवायला भोक नव्हतं. म्हणून काळा दोरा खालून घेतला, पुढची दोन्ही चाकं जोडणारी बारीक सळई असते तिला वेढे मारले आणि ताडपत्री बांधतो तशी करकचून गाठ दिली.

"हां, आता चालव."

प्रणालीनं रिमोट दाबला. गाडी निघाली ती डावीकडं वळून थेट तुळशीवर.

हसताय? तुम्हाला आत्ताच कळलं. मला नाही ना कळलं!

मग मी उकिडवा बसलो. सेल बदलले. गाडी तुळशीवर. चाकात अक्काच्या केसांचा गुंता अडकला होता, तो चिमट्यानं उपसला. गाडी तुळशीवर. चाक खोललं, खोबरेल तेल सोडलं, परत बसवलं. गाडी आता जरा जोरात तुळशीवर.

अक्काचे मालक, म्हणजे आमचे दाजी, ओट्यावर पेपर वाचत होते. ते म्हणाले, "गाडीत काय न्हाय बाळू. अंगणालाच उतार हाय."

मला पटलं. मी गाडी उलट्या तोंडानं लावली. उतार असता तर ती परत तुळशीकडं आली असती. ती गेली दाजींच्या चपलांकडं. म्हणजे तोंड कुठंही करा, बया वळायची ती डावीकडंच. खोट गाडीतच. एवढं बरोबर शोधलं मी! त्या सळईकडं मात्र बघितलं नाही. देवाचं बांधलेलं, त्याच्यावर कोण संशय घेतो?

तेवढ्यात प्रणाली म्हणाली, "मामा, रिमोटवर ही बारकी चकती हाय बघा. गाडी एका अंगाला ओढत असंल तर हिनं सरळ करायची."

चकती उजवीकडं थोडी फिरवली, गाडी थोडी सुधारली. पार टोकापर्यंत फिरवली, आणि गाडी सुतासारखी सरळ! मी उठून उभा राहिलो, कंबर धरून. ट्रकवर आम्ही हेच करतो की. गाडी डावीकडं ओढायला लागली की स्टेअरिंग उजवीकडं दाबून धरायचं आणि मुक्काम गाठायचा. का ओढते ते ट्रकचा मालक बघेल. मी अंगणातच आडवा झालो आणि घोरायला लागलो.

दुसऱ्या दिवशी भूमला मंगल कार्यालयात कार्यक्रम. गालिचा अंथरलेला. डावीकडं आमची माणसं, उजवीकडं उमरग्याचे पाहुणे. पहिल्याच खुर्चीवर ती आजी, हिरवं नऊवारी, नजर अशी की माणसानं उगीचच माफी मागावी. प्रणाली आणि मुलगा स्टेजवर उभे. मी दाराशी, हातात रिमोट. सनई लागली.

मी बटण दाबलं. गाडी निघाली आणि उजवीकडं वळली.

मी रिमोटचं चाक डावीकडं पिळलं. गाडी उजवीकडंच. आणखी पिळलं. ती ऐकेना! घाबरलो, थांबवायच्या ऐवजी जोरात पुढं दाबलं. गाडी गालिचा सोडून सुसाट आजीच्या खुर्चीखाली. आजीच्या लुगड्याचा काठ चाकात गुंडाळला आणि चाक घुर्र घुर्र करायला लागलं.

"अय्यो शिवा! एनप्पा इदु?" आजी कानडीत ओरडली. म्हणजे, हे काय रे बाबा? कानडी मला येत नाही, तरी स्वच्छ कळलं.

डबी उडाली, उघडली, अंगठ्या गायब. मग काय विचारता! फेटेवाले, शालूवाल्या, सगळे गुडघ्यांवर. मोबाईलच्या उजेडात खुर्च्यांखाली शोधाशोध. मुलाची अंगठी लगेच मिळाली. प्रणालीची काही केल्या मिळेना.

"झालं! सांगत होते मी," कुणीतरी पुटपुटलं.

अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. प्रणालीनं बघितलं, तिचे डोळे भरले होते. मांजरापायी स्थळ मोडणारी बाई, इथं तर मामाच आडवा गेलेला. पोरीचं मनासारखं जमलेलं मी खेळण्यापायी घालवलं, असं वाटून मी रिमोट धरून नुसता उभा.

आजी उठली. लुगडं झटकलं. निऱ्यांतून अंगठी टप्पदिशी खाली पडली. तिनं ती उचलली, उजेडात धरली.

"अंगठी आधी माझ्याकडं आली," आजी म्हणाली. "आता ह्या वयात माझ्यासाठी नवरा कुठून आणावा?"

कुणाला हसावं की नाही कळेना. मग तीच हसली. स्टेजवर चढली आणि अंगठी प्रणालीच्या हातावर ठेवली. "नातसुनंला आजीच्या पदरातनं अंगठी मिळाली. ह्याच्यापरीस चांगला शकुन कुठला? घाला रे, घाला!"

मी खुर्चीखाली वाकलो. गाडी उचलून बघितली. पुढं काहीच लटकत नव्हतं.

"अक्का, लिंबू-मिरची कुठाय?"

"सकाळीच कापून टाकली की. अंगठ्यांच्या गाडीला मिरच्या? सोयऱ्यांपुढं बरं दिसतंय व्हय? अन् काय रं, दोरा त्या सळईला कशाला आवळला होतास? चाकं पार डावीकडं ओढून धरली होती त्यानं. कापल्यावर कशी सरळ झाली बघ."

बघितलं. चाकं सरळ होती. रिमोटवरची चकती मात्र अजून उजवीकडं टोकाला होती. म्हणजे गाडी पहिल्यापासून ठणठणीत. आधी मीच ती डावीकडं ओढली, मग मीच ती उजवीकडं ढकलली.

पुढं उमरग्यात लग्न झालं, थाटात. अंतरपाट धरला आणि माईकवर पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!"

मी फेटा सारखा केला, प्रणालीचा हात धरला आणि मांडवात शिरलो. उजवीकडं पहिल्या रांगेतून आजीचा खणखणीत आवाज आला, "सरका गं बायांनो! मामा आला!"

उजव्या बाजूच्या झाडून सगळ्या बाया खुर्च्या उचलून मागं सरकल्या. मांडव हसून हसून लोळायचा राहिला. प्रणालीनं माझं मनगट घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली, "मामा, तुमी नुसतं संगट चला."

सगळीकडं मामा मुलीला बोहल्यावर नेतो. आमच्यात मुलीनं मामाला नेलं, आणि अगदी सरळ नेलं.